काही राम राहिला नाही

शिलाई मशीन दुरुस्त करणं हा माझा धंदा. सुरू केला तो एवढ्याचसाठी की शिवणावर पोट असणाऱ्यांचं मशीन एका दिवसापेक्षा जास्त बंद राहू नये. पहिली काही वर्षं हे मुद्दाम लक्षात ठेवावं लागलं नाही, कारण पैसे दुरुस्तीचेच मिळायचे. मग एका विक्रेत्याने विचारलं, जुनं मशीन गेलं की नवीन आमचं सुचवा, प्रत्येक मशीनमागे कमिशन देतो. त्यात गैर काय? मला तरी काही दिसलं नाही. हो म्हटलं.

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी एक बाई जुनं काळं मशीन घेऊन आल्या. टाके सुटत होते. मी चाक दोनदा फिरवलं आणि म्हणाले, "यात काही राम राहिला नाही, नवीनच बघा." त्या मशीनवर हात ठेवून थोडा वेळ गप्प राहिल्या. म्हणाल्या, "मग मुलीची परीक्षा होऊ दे. तोवर असंच चालवते."

म्हणजे सुटलेले टाके रोज उसवून पुन्हा घालणार. मी मशीन रात्रभर ठेवून घेतलं.

उघडलं तर सुईची दांडी धरणारा स्क्रू सैल होता. सुई तळाला जाऊन साधारण 2 मिलिमीटर वर आली की दोऱ्याचा छोटा फास तयार होतो, आणि शटलचं, म्हणजे खालचा दोरा धरणाऱ्या भागाचं, टोक नेढ्याच्या जरा वरून जाऊन तो उचलतं. दांडी थोडी जरी वर सरकली तरी टोक फासाखालून निघून जातं. दांडी खाली घेतली, स्क्रू आवळला. 20 मिनिटांचं काम.

मी खोटं बोलले नव्हते, हेच जास्त लागलं. बोलताना मला ते खरंच वाटत होतं. वही काढून पाहिली, तर 'निकामी' हा शेरा पूर्वी क्वचित दिसायचा, आता दर पानावर होता.

त्या रात्री गिर्यारोहणाचं सामान बनवणाऱ्या ईव्हॉन शुइनार्डची गोष्ट आठवली. खडकाच्या भेगेत ठोकायच्या पोलादी मेखा, म्हणजे पिटॉन, हा त्याच्या धंद्याचा सुमारे 70 टक्के भाग होता. पण त्या ठोकून-उपटून भेगांची नासाडी होत होती. 1972 च्या कॅटलॉगमध्ये त्याने आणि त्याच्या भागीदाराने हाताने अडकवायचे अॅल्युमिनियमचे चॉक पुढे आणले आणि मेखांचं काम आटोपतं घ्यायला लागले. लोक यातला त्याग सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की पर्याय आधी हातात होता.

म्हणून मीही आधी तपासणीची फी लावली. मशीन दुरुस्त होवो की न होवो, फी तेवढीच. ती अंगवळणी पडायला चार महिने गेले, दोन-तीन जुनी गिऱ्हाईकं कुरकुर करून तुटली. मग कमिशन बंद केलं. आता 'निकामी' लिहायचं तर मदतनीस मुलाने स्वतः मशीन उघडून बघायचं आणि शेजारी सही करायची. पहिल्याच आठवड्यात त्याने माझे दोन शेरे खोडले. चेहरा असा की जणू बक्षीस मिळालंय.

एका कारखान्याचं वर्षाचं कंत्राटही सोडलं. पैसे चांगले होते, पण रोजची सकाळ तिकडे गेली असती, आणि बहुतेक बायका मशीन आणतात ती सकाळीच. यावर फार विचार करावा लागला नाही.

कमिशनचं मात्र अजून टोचतं. मागच्या आठवड्यात एक ताई आल्या, नवीनच हवं म्हणाल्या. मी दोन मॉडेलं कागदावर लिहून दिली. "तुम्हीच द्या ना, तुमच्यावर विश्वास आहे," असं दोनदा म्हणाल्या. मदतनीस माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "घ्या दुकानातूनच. पण जुनं भंगारात घालू नका, एकदा आणून दाखवा."

अजून आणलेलं नाही.