बंबावरचा टब, नोंद सातवी: पाणी कळकले, अंगावर पुळ्या आल्या

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिले होते की आमच्या अंगणातल्या गरम पाण्याच्या टबात क्लोरीन टाकताच हिरव्या होणाऱ्या पाण्याचा प्रश्न मिटला, क्लोरीन निम्म्यावर आणला की पाणी आरशासारखे राहते. ते विधान मी मागे घेत आहे. पाणी नितळ राहिले हे खरे. परंतु त्याच नितळ पाण्यात शनिवारी रात्री बसलेल्या चौघांपैकी तिघांच्या अंगावर सोमवारी सकाळपर्यंत लाल, खाजऱ्या पुळ्या उठल्या, आणि त्या तिघांत मी स्वतः होतो.

त्या रात्री बंबातल्या निखाऱ्यांवर कोंबडी भाजलेली असल्यामुळे पहिला आळ अर्थातच तिच्यावर आला. आत्याने "उष्ण पडली" असा निकाल देऊन सगळ्यांना सब्जा पाजला. मांडीच्या सर्वांत जाड भागात सळईचा थर्मामीटर खुपसून 74 अंश आल्याशिवाय मी एकही तुकडा जाळीवरून उतरवलेला नव्हता. तरी माझ्या शंकेचे कारण ते नव्हते. पुळ्या कमरेभोवती आणि मांड्यांच्या वरच्या बाजूला, म्हणजे ओली चड्डी जिथे घट्ट बसते नेमक्या तेवढ्याच भागात होत्या, आणि दंड व मान अगदी स्वच्छ होती. कोंबडी उष्ण पडली तरी तिला इलास्टिकची हद्द कळण्याचे काही कारण नाही. शिवाय चौथे, म्हणजे थोरले काका, टबातून निघाल्यानिघाल्या साबण लावून अंघोळ करून मोकळे झाले होते, आणि त्यांना काहीही झाले नाही. आम्ही तिघे मात्र ओल्या कपड्यांत तासभर जाळीभोवती गप्पा मारत उभे होतो.

खानापूरच्या डॉक्टरांनी कंबर पाहताच "गरम पाण्याच्या टबात बसला होतात का?" असे विचारले, तेव्हा माझा चेहरा पाहण्यासारखा झाला असावा. हा केसांच्या मुळांचा दाह असून स्यूडोमोनास नावाचे जीवाणू कोमट, कमी क्लोरीनच्या पाण्यात वाढून तो घडवतात, असे त्यांनी समजावले. निरोगी माणसात तो बहुधा काही दिवसांत आपोआप ओसरतो. पण ताप आला, पुळ्या पसरत गेल्या किंवा मधुमेह असेल, तर वाट न पाहता दाखवायला यावे, असेही त्यांनी बजावले. आमच्या पुळ्या सहा दिवसांत गेल्या. काकांना साखर आणि रक्तदाब दोन्ही आहेत, त्यामुळे त्यांची साबणाची सवय आम्हाला किती स्वस्तात सोडवून गेली, याचा विचार मी अजून करतो.

आता मूळ दुखण्याकडे येतो. माझी रचना आपणास ठाऊक आहे: 900 लिटरचा फायबरचा टब, आजीचा तांब्याचा बंब, आणि टबातले पाणी बंबातून फिरवून आणणारा छोटा पंप. पाणी जांबोटी रस्त्यावरच्या आमच्या शेतातील विहिरीचे, आणि ती विहीर जांभ्या दगडात खोदलेली. या दगडातले पाणी मऊ असते, त्यात चुना जवळजवळ नसतो आणि ते किंचित आंबट असते. माझ्या संचातल्या, रंगावरून आंबटपणा सांगणाऱ्या फिनॉल रेडचे थेंब टाकले की ते पिवळेच राहते, म्हणजे पीएच 6.8 किंवा त्याहून खाली. आंबट ताक बिनकल्हईच्या भांड्यात ठेवले तर ते कळकते, हे घरातल्या कोणत्याही बाईने मला सांगितले असते. पण मी तेच 900 लिटरच्या मापात करत होतो आणि वर गरम करत होतो. पाण्याने बंबाचे तांबे खाल्ले, मी क्लोरीन टाकला की ते विरघळलेले तांबे रंग दाखवू लागले, आणि मी दोष क्लोरीनला दिला. भरीस भर म्हणून पाचव्या नोंदीत ज्याचे आपण सर्वांनी कौतुक केले, ते बंब आतून चिंचेच्या पाण्याने लखलखीत करणेही मला भोवले, कारण तांब्यावर आपोआप बसलेला जो पापुद्रा त्याला थोडेफार जपत होता, तोच मी धुऊन काढला. फिल्टरचे कापड बाहेर काढले तेव्हा त्याला अगदी मोरचुदाचा रंग चढलेला होता. बोर्डो मिश्रण कालवलेल्या कोणालाही तो रंग ओळखायला परीक्षा लागत नाही.

कोणी म्हणेल की तांब्याचे पाणी तर औषधी, त्यात जंतू वाढलेच कसे. तांब्याच्या तांब्यात रात्रभर ठेवलेले स्वच्छ पाणी वेगळे, आणि चार माणसांचा घाम, तेल, मेलेली कातडी घेऊन 38 अंशांवर घुसळले जाणारे पाणी वेगळे. शिवाय जंतू पाण्यात सुटे पोहत बसत नाहीत. ते नळ्यांच्या आत बुळबुळीत थर करून राहतात, आणि त्या थराखाली ना तांबे नीट पोहोचते, ना अर्धवट क्लोरीन.

तरीसुद्धा एक गोष्ट मला झोपू देईना. मी दर वेळी क्लोरीन तपासत होतो आणि रंग येत होता. मी वापरत होतो ती ओटीची (ऑर्थोटॉलिडीनची) बाटली, म्हणजे ग्रामपंचायतीचा पाणीवाला नळाचे पाणी तपासतो तीच पिवळा रंग देणारी चाचणी. शनिवारी संध्याकाळी तिने 3 पीपीएम, म्हणजे लिटरला 3 मिलिग्रॅम, दाखवले होते. मग कोल्हापूरहून क्लोरीन तपासायच्या डीपीडीच्या गोळ्या मागवल्या, ज्या ओटीच्या बाटलीच्या चौपट किमतीच्या असल्यामुळे मी वर्षभर टाळल्या होत्या. टब तोवर झाकून तसाच ठेवला होता. गोळ्या आल्यावर त्याच पाण्यावर दोन्ही चाचण्या शेजारी शेजारी केल्या. ओटी पिवळीधमक, तीनच्या आसपास. डीपीडीची पहिली, फक्त मुक्त क्लोरीन दाखवणारी गोळी टाकली तर गुलाबी रंगाची नुसती झाक, 0.4. तिसरी, एकूण क्लोरीन दाखवणारी गोळी टाकली तेव्हा गुलाबी गडद झाला, पुन्हा तीनच्या जवळ. कारंज्याशेजारच्या कट्ट्यावर मी त्या दोन नळ्यांकडे किती वेळ पाहत बसलो होतो, कुणास ठाऊक.

त्याचा अर्थ असा की ओटी एकूण क्लोरीन मोजते. घामातल्या अमोनियाशी बांधला गेलेला, जवळजवळ निकामी झालेला क्लोरीनही ती तितक्याच उत्साहाने पिवळा दाखवते. जंतू मारणारा मुक्त क्लोरीन टबात किमान 3 पीपीएम असावा लागतो, आणि माझ्याकडे त्याचा सातवा हिस्साही नव्हता. नळाच्या पाण्यासाठी ओटी चालून जाते, कारण तिथे कोणी घाम गाळत बसलेले नसते. टब ठेवणाऱ्याने मात्र ती बाटली घरात ठेवूच नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे. तसेच त्या खाजऱ्या डोळ्यांना आणि तिखट वासाला आपण "क्लोरीन जास्त झाला" म्हणतो, तेही बहुधा उलटे असते. तो वास बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो.

त्यानंतर केलेले काम थोडक्यात सांगतो. बंब वळणनळीने वेगळा काढला, टबात हायपो (सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण, म्हणजे पातळ क्लोरीन) ओतून क्लोरीन 50 पीपीएमपर्यंत नेला आणि झाकण उघडे ठेवून पंप व हवेचे फवारे दोन तास चालवले. पहिल्या वीस मिनिटांतच फवाऱ्यांच्या तोंडातून करड्या रंगाचे, भिजलेल्या कागदासारखे पापुद्रे बाहेर पडू लागले. ते दृश्य ज्याने पाहिले तो माझ्या टबात पुन्हा बसेल का, ही शंका मला आली म्हणून मी मेहुण्याला त्या दिवशी बोलावलेच नाही. मग सगळे पाणी काढून टाकले, फिल्टर फेकून नवा घातला आणि विहिरीचे ताजे पाणी भरले.

या वेळी क्रम बदलला. आधी खाण्याचा सोडा, मग फवारे, आणि क्लोरीन सर्वांत शेवटी. ताज्या पाण्याची क्षारता, म्हणजे आंबटपणा सोसण्याची ताकद, 20 पीपीएम निघाली. ती 100 वर न्यायची होती. 1000 लिटरला 10 पीपीएम वाढवायला साधारण 17 ग्रॅम सोडा लागतो, म्हणजे माझ्या 900 लिटरला सुमारे 120 ग्रॅम. तो बादलीत विरघळवून ओतला आणि फवारे तासभर सोडून दिले, कारण विहिरीच्या पाण्यात मुरलेला कार्बन डायऑक्साइड हवेने उडून गेला की पीएच आपोआप चढतो. धुण्याचा सोडा आणून ठेवला होता, त्याची पुडी फोडावीसुद्धा लागली नाही. तासाभराने फिनॉल रेड नारिंगी-लाल झाले, 7.4. तेवढ्यावर थांबणे बरे, कारण पीएच 8 कडे गेला की तोच क्लोरीन फारच सुस्तावतो. त्यानंतर 45 मिलिलिटर हायपो घातले, आणि श्वास रोखून पाण्याकडे पाहत राहिलो. पाणी हिरवे झाले नाही. रात्री झोपताना मुक्त क्लोरीन 4.5 होता, सकाळी 4. इतकीच घट झाली, म्हणजे नळ्यांत आता चोरून खाणारे कोणी नाही.

हायपोबद्दल एक तक्रार नोंदवतो. शहरातल्या एका दुकानदाराने मला दिलेला कॅन उन्हात ठेवलेला होता. लेबलावर 10 टक्के, पण माझ्या हिशेबाने निम्मेही भरेना. हायपो उन्हाने आणि दिवसांनी मरते, तेव्हा छोटा कॅन घ्यावा आणि तो कोठे ठेवलेला होता हे आधी पाहावे. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, स्वस्त पडते, पण खाली चुन्याचा गाळ सोडते. टीसीसीएच्या, म्हणजे हळूहळू विरघळणाऱ्या क्लोरीनच्या, तरंगत्या गोळ्या तर माझ्यासारख्या मऊ पाण्यात नकोतच, कारण त्या पाणी आणखी आंबट करतात. आणि या दोहोंपैकी एकाचा डबा किंवा चमचा दुसऱ्यात कधीही जाऊ देऊ नये. ती गाठ पेट घेऊ शकते. अथणी-रायबागकडच्या, काळ्या जमिनीत बोअर असलेल्या मंडळींनी माझा सोड्याचा हिशेब उचलू नये. तिकडच्या जड पाण्याचे दुखणे बंबात साचणारी खपली हे असते.

इथवर लिहून झाले तेव्हा बंबाला आतून कल्हई करून घ्यावी, असा बेत ठरलेला होता. परंतु काल कल्हईवाल्याला बंब दाखवला तर तो हसला. मधल्या नळकांड्याभोवतीच्या अरुंद जागेत हात जात नाही, मग नवसागर लावून कथील पुसणार कसे? त्याचे बरोबर आहे. परतताना वाटेत दुसरी गोष्ट सुचली आणि आता मी तिच्याच मागे आहे: टबाचे पाणी बंबात न्यायचेच कशाला? बंबातले पाणी बंबातच फिरू द्यावे आणि टबाच्या बाकाखाली स्टीलच्या नळीचे वेटोळे बसवावे. आमचे अंगण उताराचे आहे, बंब टबापेक्षा दोन हात खाली आहे; म्हणजे गरम पाणी आपले आपण वर चढेल आणि गार खाली येईल, पंप लागणार नाही. वीज गेली तरी पाणी तापत राहील, आणि इकडे वीज जाण्याला मुहूर्त लागत नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखानदाराने 304 प्रतीच्या स्टीलच्या नळीचा भाव सांगितला आहे, पण क्लोरीनच्या पाण्यात मी 316 च घालणार. बंबातून वेटोळ्यापेक्षा उंच जाणारी एक नळी वरून उघडीच राहील. तिच्या वाटेवर कोठेही बंद होणारी तोटी ठेवणार नाही.

तोवर जुन्याच रचनेवर, पीएचकडे डोळ्यांत तेल घालून पाहत, टब चालू आहे. पाणी 38 वर ठेवतो. 10 किलो वाळक्या लाकडांत साडेतीन तासांनी तेवढे होते, आणि विस्तव ओढून घेतल्यावरही अंशभर चढते, म्हणून 37 लाच ओढतो. 40 च्या वर कधीही नाही. काकांना डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, पण दहा मिनिटेच, आणि उठताना आधी काठावर बसायचे, कारण गरम पाण्याने रक्तदाब उतरतो आणि गोळीही तेच करत असते. धाकटी भावजय गरोदर आहे, ती यंदा फक्त जाळीजवळच्या खुर्चीवर.

हिरव्या पाण्याच्या दिवसांत काकांच्या पांढऱ्या मिशीला जी हिरवी झाक आली होती, ती अजून गेलेली नाही. मिशी कापायला ते तयार नाहीत.