हळदीचा डाग आणि एनकॅट

सिडनीतलं वेंटवर्थव्हिलचं भाड्याचं घर सोडलं, किल्ल्या दिल्या, आणि बॉण्डची, म्हणजे डिपॉझिटची, वाट बघत बसलो. ४ आठवड्यांचं भाडं अडकलेलं. (न्यू साउथ वेल्समध्ये त्याहून जास्त बॉण्ड घेताच येत नाही, नाहीतर आणखी अडकलं असतं.) आली ती ईमेल: मालकाने सगळा बॉण्ड मागितलाय, मान्य नसेल तर १४ दिवसांत एनकॅटकडे, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या राज्याच्या ट्रायब्युनलकडे (न्यायाधिकरणाकडे), अर्ज करा.

कारण काय, तर हॉलच्या कार्पेटवर हळदीचा वीतभर डाग. डाग आमचाच, खोटं कशाला बोलू. आमटीची वाटी माझ्याच हातून कलंडली होती. पण मालकाच्या एजंटला अख्ख्या कार्पेटचे पैसे हवे होते.

आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "वकील किती घेणार गं?" वकील लागतच नाही, हे तिला काही केल्या पटेना. उलट एनकॅटमध्ये बहुतेक प्रकरणांत वकील आणायचा तर परवानगी काढावी लागते. २०१४च्या जानेवारीत राज्यातली वीसहून जास्त ट्रायब्युनलं एकत्र करून हे एकच केलं. घरभाड्याची भांडणं, बिल्डरने अर्धवट टाकलेलं काम, पालकत्वाचे आदेश, सगळं तिथेच. सरकारी खात्याने मागितलेली माहिती दिली नाही तरी दाद मागायची ती तिथेच.

गोलबर्न स्ट्रीटवर आमची तारीख लागली. न्यायाधीश नाहीत, 'मेंबर' म्हणतात. त्यांनी आधी आम्हाला आणि एजंटला बाहेर बसवलं, आपसात मिटतंय का बघा म्हणून. एजंट निम्म्यावर आला. नवरा टेबलाखालून पायाने ढोसत होता, घे आणि चल. मी नाही म्हटलं. हट्ट म्हणा.

आत गेल्यावर सांगायला मी मोठं भाषण पाठ केलं होतं. तीन वर्षं एक दिवस भाडं उशिरा नाही, वगैरे. ते कुणी विचारलंच नाही. मेंबरनी एजंटला एवढंच विचारलं, "कार्पेट कधी टाकलेलं?" तो फाइल उलटीपालटी करत राहिला. मग मी आमचा कंडिशन रिपोर्ट, म्हणजे घराच्या स्थितीची नोंद, पुढे सरकवला. राहायला आलो त्याच आठवड्यात भरून दिलेला. हॉलच्या रकान्यात नवऱ्याच्या गिचमिड अक्षरात, 'कार्पेट जुनं, दाराशी झिजलेलं'. त्या वेळी मी त्याला हसले होते, इतकं काय लिहीत बसतोस म्हणून.

वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही, डागाचं मात्र आम्ही देणं लागतो, असा निकाल झाला. साफसफाईचे १६० डॉलर कापून बाकी बॉण्ड आमचा. नवरा ट्रेनमध्ये स्टेशन येईपर्यंत त्या गिचमिड अक्षराबद्दलच बोलत होता.

नव्या घराच्या रिपोर्टला मी ३९ फोटो जोडलेत. त्यातला एक नुसता बाथरूमच्या कडीचा.