पाळी बंद आणि भातावर लाल फुली

मॅरेथॉनचा सराव वाढला आणि माझी पाळी थांबली. प्रेग्नन्सी टेस्ट, थायरॉईड, प्रोलॅक्टिन सगळं पटापट उरकलं, त्यात काही निघालं नाही. घोडं अडलं सोनोग्राफीनंतर.

लघवी दाबून बाकावर बसले. नंबर आला तर म्हणे, "ब्लॅडर भरलेलं नाही, अजून पाणी प्या." रिपोर्टात लिहिलं होतं की दोन्ही अंडाशयांत बरेच छोटे फॉलिकल, म्हणजे अंड्यांच्या पिशव्या, आहेत. ओपीडीतल्या मॅडमनी तेवढीच ओळ वाचली, "पीसीओडी" (अंडाशयांचा, हार्मोन्सचा एक विकार) म्हणाल्या आणि छापील डाएटचा कागद पुढे सरकवला. भात, बटाटा, केळी, सगळ्यांवर लाल पेनाने फुली. वर "वजन जरा उतरवा." माझ्या बरगड्या मोजता येत होत्या! मी रक्ताचा रिपोर्ट पुढे केला, त्यात पाळी चालवणारी दोन हार्मोन्स होती: "एलएच अगदी खाली आहे, एस्ट्रॅडिओलही." "होतं असं. तीन महिन्यांनी या." तोवर पुढची पेशंट खुर्चीत बसलीसुद्धा.

पीसीओडीत एलएच सहसा इतकं खाली जात नाही. पण छोटे फॉलिकल माझ्यासारखी खाणं कमी आणि पळणं जास्त झाल्याने पाळी थांबली, तरी दिसू शकतात, म्हणून नुसत्या सोनोग्राफीवर शिक्का मारू देऊ नका.

मग गाठलेल्या एंडोक्रायनॉलॉजिस्टनी (हार्मोन्सच्या डॉक्टरांनी) आधी विचारलं, "दिवसभरात खाता काय?" मग समजावलं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच नावाचं हार्मोन थांबून थांबून सुटतं, पाळीनंतरच्या दिवसांत साधारण तास-दीड तासाने. त्या ठोक्यावर मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच सोडते. मेंदूच्या मागच्या भागातल्या काही पेशी ग्लुकोजवर नजर ठेवून असतात. तिथे ग्लुकोज वापरू न देणारं रसायन सोडलं, तर उंदरांत एलएचचे ठोके मंदावतात. माणसांत एकट्या ग्लुकोजचाच हात नसतो, लेप्टिन (चरबीतून सुटणारं हार्मोन) आणि ताणही असतो. पण २००३च्या एका अमेरिकन प्रयोगात, व्यायामाचा खर्च वजा जाता शरीराच्या चरबीविरहित वजनाच्या किलोमागे दिवसाला ३० कॅलरींपेक्षा कमी उरल्या, तेव्हा पाचच दिवसांत बायकांच्या एलएचचे ठोके विस्कळीत झाले. आणि मला भात बंद करायला सांगितलं होतं!

मी भात वाढवला, पळणं कमी केलं. पाळी सावकाश आली, पण आली.

हो, एक राहिलंच: गर्भनिरोधक गोळ्यांवर महिन्याला रक्तस्राव होतो, ती पाळी परत आली असं समजू नका. आणि बरेच महिने पाळी नसेल तर हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनबद्दल स्वतःहून विचारा. मला तरी आपणहून कुणी सांगितलं नव्हतं.