तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतीवरचा नंबर

आमच्या छपरीच्या भिंतीवर गेरूनं दहा आकडे लिहिले आहेत: 4294967297. घरी येणारा जवळपास प्रत्येक जण विचारतो, "सर, हा कोनाचा नंबर होय जी?" तो कोणाचाच नाही. आपल्याकडे मोबाइलचा नंबर 4 नं सुरूही होत नाही.

बत्तीस वेळा 2 घेऊन गुणाकार करा आणि त्यात 1 मिळवा, की ही संख्या येते. 1640 च्या सुमारास फर्मा या फ्रेंच गणितीला वाटलं, ही मूळ संख्या असणार. तसं वाटायला कारण होतं. 2 चा पहिला, दुसरा, चौथा, आठवा आणि सोळावा घात घेऊन 1 मिळवला की 3, 5, 17, 257, 65537 येतात. पाचही मूळ. वर्गात मी पोरांना 17 चिंचोके द्यायचो आणि सारख्या ओळी लावा म्हणायचो. एका लांब ओळीपलीकडे काही जमायचं नाही. मग पोरंच म्हणायची, "सर, हे फुटत नाही." फर्माला सहाव्या संख्येबद्दलही हेच वाटलं.

1732 मध्ये ऑयलर या स्विस गणितीनं ती फोडली: 641 × 6700417. पुढे त्यानंच दाखवलं की या संख्येला भागणारी कोणतीही मूळ संख्या घ्या, तिला 64 नं भागल्यावर बाकी 1 च उरते. म्हणजे 3, 7, 11 यांच्या वाटेला जायचंच नाही. 193, 257, 449, 577 आणि पाचवी 641. पाच भागाकार, बस! शिवाय 641 म्हणजे 625 अधिक 16, आणि 5 गुणिले 128 अधिक 1 सुद्धा. या दोन मांडण्या शेजारी ठेवल्या तर एवढा लांब भागाकार न करताही भाग जातो हे सिद्ध होतं. मला यापेक्षा देखणं काही माहीत नाही.

मी मात्र पहिल्यांदा भागाकारच केला होता. गव्हाच्या ओलिताचे दिवस, लाइन रात्रीच यायची. बांधावर कंदील ठेवून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आकडे मांडले. बाकी शून्य आली तोवर वाफा भरून पाणी शेजारच्या तुरीत गेलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात गल्लीतल्या सहावीतल्या एका पोरीनंही तो भागाकार केला. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा आला. मग म्हणाली, "आबाजी, हे 6700417 तरी फुटते का?" मी उत्तर दिलं नाही. वर्गमूळ 2588 च्या आसपास, म्हणून त्याच्या पुढं जायची गरज नाही; 641 च्या आधीच्या चार आधीच बाद झाल्या, आणि 64 ची अट लावली तर सातच भागाकार उरतात, एवढं सांगितलं. 641 पासून सुरुवात करून ती काल 1217 पर्यंत आली. उरल्या तीन: 1409, 1601, 2113.