शके १८३१

झोटेरो म्हणजे संदर्भांच्या नोंदी ठेवून संदर्भसूची तयार करणारं सॉफ्टवेअर. त्याच्या कार्यशाळेत टाळ्या ठरलेल्या ठिकाणी पडतात. एखाद्या इंग्रजी लेखाचा डीओआय, म्हणजे त्याचा ऑनलाइन ओळखक्रमांक, पेस्ट करायचा, एंटर मारायचं, की लेखक, शीर्षक, नियतकालिक, खंड, पानं सगळं आपसूक भरतं. कॉलेजात ग्रंथपाल म्हणून मीही हेच दाखवते, कारण विज्ञानाची मुलं तेवढ्यावर खूश होऊन तिथेच लॅपटॉपवर उतरवून घेतात. मराठीचे संशोधक मागच्या बाकावर हात बांधून बसलेले असतात. त्यांच्या पुस्तकांना डीओआय नसतो आणि जुन्या पुस्तकांना आयएसबीएन हा पुस्तकाचा क्रमांकही नसतो. असलाच, तर तो टाकल्यावर बहुतेकदा नोंद येते रोमन लिपीत, स्वरांवर आडव्या रेघा आणि अक्षरांखाली टिंबं घेऊन. मग एकच लेखक संदर्भसूचीत वर रोमनमध्ये आणि खाली देवनागरीत, असा दोन ठिकाणी दिसतो. हे कुठल्याही कार्यशाळेत सांगत नाहीत. साधनव्यक्ती म्हणून येणाऱ्यांनी मराठी पुस्तकाची एक तरी नोंद स्वतः भरली असेल का, याची मला शंका आहे.

गेल्या वर्षी सबमिशनच्या तोंडावर एक सर ग्रंथालयात आले. ज्युनियर कॉलेजात नोकरी, पीएचडीचा विषय संतचरित्रांच्या छापील आवृत्त्या. विद्यापीठाने तळटिपा बंद करून एपीए या संदर्भपद्धतीची सातवी आवृत्ती लावलेली, म्हणजे वाक्यातच कंसात लेखक आणि साल; आणि प्रबंध डीटीपीवाल्याकडे श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये, टाईप झालेला.

"मॅडम, ते सॉफ्टवेअर दोन तासांत येईल ना?"

सॉफ्टवेअर तेवढ्या वेळात येतं. श्रीलिपी जात नाही. झोटेरोचं प्लगइन वर्ड, लिबरऑफिस आणि गुगल डॉक्समध्ये चालतं. डीटीपीवाल्याच्या पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरला त्याचा पत्ताच नसतो. त्यामुळे आधी अख्खा मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागला. कन्व्हर्टर ऐंशी टक्के काम करतो आणि उरलेल्या वीस टक्क्यांत जीव काढतो. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते, युनिकोडमध्ये नंतर येते, त्यामुळे ती भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. रफार घसरतो. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांची तर ओळख पटत नाही. (जाता जाता: श्रीलिपीतल्या पीडीएफमधली अक्षरं वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला निरर्थक रोमन चिन्हं म्हणून दिसतात, आणि इतर लिखाणाशी साम्य शून्याजवळ येतं. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. शून्य आलं की लोक पेढे वाटतात.)

मजकूर ताळ्यावर आल्यावर नोंदी भरायला बसलो. इथे मात्र मला फुशारकी मारू द्या, कारण हे मी कुणाकडून शिकले नाही, चाचपडत बसवलं आहे. झोटेरोत लेखकासाठी दोन रकाने असतात, आडनाव आणि नाव. सरांनी 'तुकाराम महाराज' तसंच भरलं. सूचीत उमटलं: 'महाराज, तुकाराम'. पाठोपाठ 'महाराज, एकनाथ'. सगळे संत 'म'खाली एका रांगेत. रकान्याशेजारी एक छोटं बटण असतं, ते दाबलं की दोन्ही रकाने मिळून एक होतात; संतांना तिथे बसवायचं. ओवीच्या क्रमांकासाठी पर्यायांच्या यादीत 'व्हर्स' निवडलं, तर मराठी वाक्यात मधेच इंग्रजी 'व्ही' येऊन बसतो. म्हणून तो पर्याय सोडायचा आणि मागच्या जोडरकान्यात ('सफिक्स') हाताने 'ओवी २५' लिहायचं. दहा हजारांहून जास्त संदर्भशैली फुकट मिळतात, पण त्यातली एकही ओवीसाठी केलेली मला सापडलेली नाही.

मग ते पुस्तक आलं. एका संतचरित्राची जुनी आवृत्ती. सरांनी लेखक लिहिला, साल लिहिलं १८३१, पुढच्या नोंदीकडे निघाले. मी म्हटलं, प्रकाशक राहिला. एपीएला प्रकाशक लागतो; त्यांच्या जुन्या तळटिपांत तो कुठेच नव्हता. त्यांनी मोबाईलवर मुखपृष्ठाचा फोटो उघडला आणि टाईप केलं: निर्णयसागर छापखाना.

"सर, निर्णयसागर कधीचा?"

ते थांबले. जावजी दादाजींनी निर्णयसागर १८६९ साली काढला, हे ते मराठी मुद्रणावर बोलताना स्वतः वर्गात सांगतात. फोटो मोठा केला. खाली बारीक अक्षरांत होतं, 'शके १८३१'. अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन १९०९.

१८३१ हे साल वरवर खटकणारं नाही, हीच मेख आहे. त्याच सुमारास गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं होतं. त्या काळातलं छापील संतचरित्र म्हटल्यावर अभ्यासकाला आनंदच होतो. झोटेरोलाही 'शके' कळत नाही; तारखेच्या रकान्यात 'शके १८३१' असं इंग्रजी आकड्यांत लिहिलं, तरी तो चार आकडी साल उचलतो आणि शक सोडून देतो.

"तुम्ही १८३१ कुठून घेतलंत?" मी विचारलं.

"सरांच्या पुस्तकातून."

सर म्हणजे त्यांचे गाईड. त्यांच्या पुस्तकात ही सर्वांत जुनी छापील प्रत ठरवून बाकीच्या आवृत्त्या तिच्यावरून आल्या, असा एक लाडका मुद्दा आहे. मी शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, पाहिलं. त्यांच्याच हाताखालच्या आधीच्या प्रबंधांतही १८३१. मूळ प्रत कुणी उघडली असेल असं वाटत नाही. या सरांनी निदान फोटो काढला होता, आणि तरीही साल पुस्तकातूनच उचललं. आपल्याकडे गाईडचं वाक्य तपासायचं नसतं, फक्त उतरवायचं असतं. आम्ही ग्रंथपाल ते बघतो आणि 'आमचा विषय नाही' म्हणून पुस्तक परत रॅकवर लावतो.

"सांगून टाका त्यांना," मी म्हटलं.

"तुम्हाला सोपं आहे मॅडम. सही त्यांची लागते."

तरी त्यांनी व्हरांड्यात जाऊन फोन केला. परत आले ते चष्मा पुसत. गाईड म्हणाले होते, सूचीत काय करायचं ते कर, प्रकरणातला मजकूर आता हलवू नकोस, व्हायवा झाल्यावर बघू. हे 'व्हायवा झाल्यावर बघू' मी इतक्यांदा ऐकलंय, की त्याला तारीख कधी लागत नाही, हे मला ठाऊक आहे.

नोंदीत १९०९ गेलं आणि 'एक्स्ट्रा' रकान्यात आम्ही लिहिलं: मुखपृष्ठावर शके १८३१. प्लगइनचं काम एवढंच, की नोंद बदलली की प्रबंधात जिथे जिथे त्या पुस्तकाचा कंस आहे तिथे साल बदलतं. कंसाबाहेरच्या वाक्याला ते हात लावत नाही. त्यामुळे दुसऱ्या प्रकरणात आता 'एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील या आवृत्तीत' असं सुरू होणारं वाक्य आहे, आणि त्याच वाक्याच्या शेवटी कंसात १९०९.

प्रबंध बायंड झाला, व्हायवा झाला, पदवी मिळाली. बहिःस्थ परीक्षकांनी शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, त्यातल्या निम्म्या कन्व्हर्टरच्या. त्या वाक्यावर कुणी बोट ठेवलं नाही. आता ते शोधगंगेवर आहे. सरांनी वाक्य गाईडच्या धाकाने तसंच ठेवलं, की वाचणाऱ्याला दिसावं म्हणून मुद्दाम ठेवलं, हे मला ठरवता येत नाही. वाक्यातले दोन शब्द फिरवले असते, तर गाईडना कळलंही नसतं. सर काही आळशी गृहस्थ नाहीत. एकदा भेटले तेव्हा मी विषय काढला, तर हसले आणि चहा मागवला.

त्याच गाईडची नवी विद्यार्थिनी सध्या झोटेरो शिकायला येते. ग्रंथालयाची झोटेरोतली सामायिक ग्रुप लायब्ररी तिला जोडून दिली आहे. त्या पुस्तकाची नोंद तिने स्वतःच्या फोल्डरमध्ये ओढून घेतलेली दिसते, टिपेसकट. टीप वाचलीस का, आणि वाचली असेल तर गाईडना विचारलंस का, हे ती सोमवारी आली की विचारणार आहे.