धसका उतरवायचा तर कुठल्या पद्धतीने?

पहिला पाऊस कौलांवर वाजायला लागला की कोकणातल्या कितीतरी घरांत एखादं माणूस गप्प होतं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं, त्याच दिवशी महाडजवळ तळिये गावावर दरड कोसळली. त्याआधी ३ जून २०२० चं निसर्ग वादळ, नंतर जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवरची दरड. आजही रात्री तीनदा उठून अंगणात बॅटरी मारून पाणी बघणारी माणसं आहेत. घरचे म्हणतात, "धसका घेतलाय." शब्द नेमका आहे. उपाय मात्र "विसर आता" एवढाच सांगितला जातो, आणि विसरायचा प्रयत्न हेच धसका टिकण्याचं मोठं कारण असतं.

पहिल्या महिन्यात थेरपीची घाई नको. बहुतेकांचं मन आपणहून सावरतं. तेव्हा गाळ उपसायला चार हात, छपरावर पत्रे, हरवलेली कागदपत्रं आणि झोप यांची गरज असते. सगळ्यांना गोल बसवून "काय काय झालं ते सांगा" म्हणणं टाळावं. एकदाच घेतलेल्या अशा सत्राने फायदा होत नाही, काहींचा त्रास वाढतो. महिना उलटूनही भयाण स्वप्नं, दचकणं, आठवण टाळणं चालूच असेल तर मग उपचार हवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला मदत करणारी थेरपी) आणि ईएमडीआर (डोळे फिरवत आठवण हाताळणारा उपचार) या दोन्हींची शिफारस आहे. खालच्या पहिल्या तीन पद्धती सीबीटीच्याच घरातल्या. निवडताना माझ्या मते एकच गोष्ट आधी पाहावी: माणूस अडकलाय कशात? भीतीत, अपराधाच्या भावनेत, की एकामागून एक आलेल्या आघातांत?

भीती मुख्य असेल तर प्रोलाँग्ड एक्सपोजर, म्हणजे टाळलेल्या आठवणींना आणि जागांना पायरीपायरीने सामोरं जाणं. साधारण ८ ते १५ सत्रं, प्रत्येक ९० मिनिटांचं. डोळे मिटून घटना वर्तमानकाळात सांगायची, "पाणी उंबऱ्यावर आलंय, मी दार ढकलतोय" अशी. पुन्हा पुन्हा, ३० ते ४५ मिनिटं. त्याचं रेकॉर्डिंग रोज घरी ऐकायचं. जोडीला टाळलेल्या गोष्टींची शिडी करायची, अस्वस्थतेला ० ते १०० गुण देऊन: मोबाईलवर पावसाचा आवाज ३०, जानेवारीत वाशिष्ठीच्या पुलावर उभं राहणं ५०, तळमजल्यावर एकट्याने झोपणं ७०. प्रत्येक पायरीवर अस्वस्थता निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं. बिघडतं ते इथेच. गुण ८० ला पोचले की माणूस निघून येतो, आणि "पळालो म्हणून वाचलो" हाच धडा मेंदू घेतो. पुलावर उभं राहून सतत पाणीपातळीचे मेसेज बघत राहिलं तरी तेच. भरल्या घरात रेकॉर्डिंग ऐकायला एकांत मिळत नाही, ही अडचण थेरपिस्टने पहिल्याच दिवशी विचारून घ्यावी. इअरफोन लावून परसात बसायची वेळ ठरवली तरच गृहपाठ होतो.

अपराधाची भावना मोठी असेल तर मला सीपीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, जास्त योग्य वाटते. नेहमीची १२ सत्रं. अडकलेला विचार एका वाक्यात कागदावर उतरवायचा: "मी आईला आधी माडीवर नेलं असतं तर ती वाचली असती." मग प्रश्न. पाणी किती वाजता पायरीला लागलं? त्या क्षणी तुम्हाला काय माहीत होतं, आणि काय नंतर कळलं? वीज होती का? आईला उचलायला दुसरं कोण होतं? इथली नेहमीची चूक म्हणजे "तुझी काही चूक नाही" असं लगेच सांगून मोकळं होणं. समोरचा मान डोलावतो, विचार तसाच राहतो. उत्तर त्याच्याच तोंडून यायला हवं, आणि त्याला चार आठवडेही लागतात. घटनेचं सविस्तर वर्णन न करताही सीपीटी करता येते, त्यामुळे ज्याला सांगणंच असह्य होतं त्याला ही वाट मोकळी आहे.

आघातांची रांग असेल, म्हणजे लहानपणी मार, मग बुडालेली होडी, मग पूर, तर नॅरेटिव्ह एक्सपोजर थेरपी, म्हणजे सगळं आयुष्य क्रमाने सांगत आघातांना सामोरं जाणं. जमिनीवर सुंभाची दोरी पसरायची, जन्मापासून आजपर्यंत. चांगल्या प्रसंगाला फूल, आघाताला दगड. दगड केवढा, ते माणूस स्वतः निवडतो. दोरीचं एक टोक गुंडाळलेलंच ठेवायचं, कारण पुढचं आयुष्य अजून यायचंय. पुढच्या सत्रांत एकेक दगड क्रमाने सांगायचा. थेरपिस्ट लिहून घेतो, पुढच्या वेळी वाचून दाखवतो, चुकलेलं दुरुस्त होतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही हे जमतं.

ईएमडीआरमध्ये आठ टप्पे असतात. आठवणीतलं सगळ्यात बोचणारं चित्र मनात धरून थेरपिस्टच्या बोटांमागे डोळे फिरवायचे, त्रासाचे गुण ० ते १० मध्ये द्यायचे. गृहपाठ जवळजवळ नाही, तपशील बोलावे लागत नाहीत. डोळे हलवल्याने नेमकं काय होतं यावर अभ्यासकांत वाद आहे, पण उपचार लागू पडतो. धोका आहे तो तयारीचे टप्पे गाळून थेट बोटं फिरवणाऱ्यांचा. मनातली सुरक्षित जागा निवडतानाही जपावं. होडीतून वाचलेल्याला "शांत किनारा आठवा" म्हणणं घातक.

झोपेच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नयेत. आत्महत्येचे विचार असतील तर आधी ते हाताळायचे, आठवणी नंतर. विचारणा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत करता येते. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे.

आणि वेळापत्रक. पुरावरचं एक्सपोजर दिवाळीनंतर सुरू करून मिरगाच्या आत संपवावं. आठवड्याला एक सत्र धरलं तर पुरेशी सवड मिळते. उपचार पावसात ओढला गेलाच तर नियम स्पष्ट ठेवायचा: रेड अलर्ट असताना नदीकाठी जाणं हा सराव नव्हे. त्या दिवशी शिडी बंद, कागदपत्रांची पिशवी घ्यायची आणि वरच्या वाडीत जायचं.