स्नेअर लिहिला, वाजलं भलतंच

लेझीमचे ताफे बसवणारे आणि ड्रम शिकवणारे सोलापुरातले सर नेहमी विचारतात: म्यूझस्कोरमध्ये, म्हणजे संगणकावर नोटेशन लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, स्नेअर (ताफ्यातला खणखणीत वाजणारा ड्रम) लिहिला तरी वेगळंच का वाजतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ड्रमच्या पाच रेषांवरची जागा म्हणजे सूर नव्हे, ते वाद्याचं नाव आहे. पियानोत रेष ठरली की सूर ठरला. इथे प्रत्येक ठोक्याची रेष, नोटेचं डोकं आणि मिडी क्रमांक (संगणकाने कुठला आवाज वाजवायचा तो आकडा) तिन्ही जुळवावे लागतात. म्हणून पियानोच्या ओळीतून ठोके कॉपी करू नका. वाद्य निवडतानाच ड्रमसेट घ्या आणि पहिला ठोका लिहिण्याआधी त्याचा तक्ता, म्हणजे कुठला आवाज कुठल्या रेषेवर ते ठरवणारी यादी, उघडा.

तक्त्यात सगळ्यात वरची रेष ०, तिच्याखालची मोकळी जागा १, असं मोजत जायचं. स्नेअर ३ वर, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) ७ वर, हाय-हॅट (एकमेकींवर आपटणाऱ्या झांजांची जोडी) वरच्या रेषेच्याही वर, म्हणजे -१, आणि त्याचं डोकं फुलीचं. आवाज जनरल मिडीप्रमाणे, म्हणजे आवाजांच्या ठरलेल्या क्रमांकांच्या यादीप्रमाणे: किक ३६, स्नेअर ३८, बंद हाय-हॅट ४२, उघडा ४६, आणि क्रॅश व राइड या मोठ्या झांजा ४९ आणि ५१. सुराच्या नावावर विसंबू नका. ३६ ला कुठे सी१ म्हणतात, कुठे सी२. उघड्या हाय-हॅटवरचं गोल चिन्ह वाचणाऱ्यासाठी असतं, आवाज ४६ मधूनच घ्या. क्रमांक मागाहून बदलला तर आधी लिहिलेले ठोके जुन्याच क्रमांकावर राहतात, म्हणून हे आधीच नीट करा.

हाताचे ठोके पहिल्या व्हॉइसमध्ये (व्हॉइस म्हणजे एकाच ओळीतला स्वतंत्र थर), नोटेची दांडी वर. पायाचे ठोके दुसऱ्या व्हॉइसमध्ये, दांडी खाली. सगळं एकाच व्हॉइसमध्ये कोंबलं की एकत्र पडणाऱ्या ठोक्यांना एकच लांबी मिळते, आणि हाय-हॅटच्या आठव्या नोटांखाली पाव नोटेची किक लिहिताच येत नाही. दुसऱ्या व्हॉइसमधले फालतू विराम लपवा.

आता आपली हलगी. तिला पाच रेषा कशाला? एकच रेष ठेवा: जाड काठीचा ठोका रेषेखाली, बारीक काठीचा रेषेवर. तक्त्यात हे १ आणि -१. हलगीचा आवाज जनरल मिडीत नाही. मला ६५ आणि ६६, म्हणजे टिंबाले या लॅटिन अमेरिकन ड्रमचे दोन आवाज, सगळ्यात जवळचे वाटतात. बोंगो (हाताने वाजवायची छोटी ड्रमजोडी) फार मऊ पडतो. लेझीमसाठी वेगळी ओळ, फुलीचं डोकं, आवाज ५४, म्हणजे टॅम्बुरिन (घुंगरासारख्या चकत्यांची डफली). मिरवणुकीतले हे ठोके कागदावर उतरलेच पाहिजेत असं मला मनापासून वाटतं, पण कुठली काठी कुठे, हे पानाच्या माथ्यावर लिहा. नाहीतर दुसऱ्या पथकाला ते वाचता येणार नाही.

तक्ता जमला की डीआरएम फाइल म्हणून जतन करा. पुढच्या स्कोअरमध्ये तीच उघडा आणि लिहायला बसण्याआधी प्रत्येक आवाज एकदा वाजवून ऐका.